थिबा राजाला मंडालेला परत पाठवावं का?

निळीशाई (धागाकर्ता)

रत्नागिरीतल्या थिबा राजाच्या कबरीचा विषय वर्तमानपत्रांत अधूनमधून वर येतो आणि आठवडाभरात खाली बसतो. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन कबरीवर येऊन गेले तेव्हा तो विषय वर आला. डिसेंबर २०१६ मध्ये राजाच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली, तेव्हा वंशज आले, भिक्खू आले, उपाध्यक्ष म्यिंत स्वे आले, लष्करप्रमुख मिन आंग लाइंग आले आणि पुन्हा तोच प्रश्न छापून आला: ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाचे अवशेष मायदेशी न्यावेत की नाही?

ज्यांना थिबा म्हणजे फक्त समुद्र दिसणारा पॅलेस एवढंच माहीत आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. १८७८ मध्ये गादीवर बसला, १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी पंधरवड्यात राज्य घेतलं, आणि आधी मद्रास, मग १८८६ मध्ये रत्नागिरी. रत्नागिरीच का, तर तिथे रेल्वे नव्हती, पावसाळ्यात समुद्र बंद, आणि ब्रह्मी बोलणारं माणूस शोधून सापडलं नसतं. तीस वर्षं तो तिथे राहिला. पॅलेस १९१० मध्ये बांधून झाला, म्हणजे त्यात राजाला जेमतेम सहा वर्षं मिळाली. १९१६ मध्ये गेला.

आता माझा मुद्दा. मी उमेदीची सगळी वर्षं नारायण पेठेत मुद्रितं तपासण्यात घालवली, म्हणून असेल, पण मला या प्रकरणात राजापेक्षा वर्तमानपत्रांच्या तारखा जास्त बोलक्या वाटतात. म्यानमारमध्ये छापण्याआधी मजकूर सरकारला दाखवायची सक्ती होती, ती उठली ऑगस्ट २०१२ मध्ये. अध्यक्ष रत्नागिरीला आले त्याच वर्षीच्या डिसेंबरात. खाजगी दैनिकं सुरू झाली एप्रिल २०१३ मध्ये. आणि २०२१ च्या फेब्रुवारीत लष्करानं सत्ता घेतली, मार्चमध्ये मिझ्झिमा, डीव्हीबी, म्यानमार नाऊ, सेव्हन डे आणि खित थित या माध्यमांचे परवाने रद्द. म्हणजे राजाला परत आणावं की नाही यावर त्याच्या देशातल्या माणसांना उघडपणे वाद घालायला मिळाली ती जेमतेम आठ-नऊ वर्षं.

माझं मत असं की अवशेष द्यायला हरकत नाही, पण जोवर तिथला संपादक ‘नको, आणू नका’ असा अग्रलेख लिहून रात्री घरी झोपायला जाऊ शकत नाही, तोवर देऊ नयेत. हे पुण्यात बसून लिहिताना विशेष वाटतं. ‘केसरी’तल्या अग्रलेखांवरून टिळकांना १९०८ मध्ये शिक्षा झाली आणि त्यांना ठेवलं कुठे, तर मंडालेच्या किल्ल्यात, थिबाच्या जुन्या राजधानीत. त्या सहा वर्षांत मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचे टिळक मंडालेत.

काय वाटतं?

पेठेतला_पेन्शनर

मला वाटतं की इतक्या शाईची त्या माणसाची लायकी नाही. गादीवर बसल्यावर काही महिन्यांत, फेब्रुवारी १८७९ मध्ये, राजघराण्यातली ८० च्या आसपास माणसं मारली गेली. सावत्र भाऊ, बहिणी, मुलं. अशा माणसाला तोफांची सलामी देऊन न्यायचं? राहू दे तिथेच, पॅलेसला तिकीट काढून लोक येतात तेवढं पुरे.

शनिवारवाडा_मागचा_बोळ

@पेन्शनर काका, आपण शनिवारवाड्याच्या सावलीत राहून दुसऱ्यांच्या वाड्यातले खून मोजू नयेत. ३० ऑगस्ट १७७३. पुढचं लिहीत नाही, इथे सगळ्यांना पाठ आहे.

पेठेतला_पेन्शनर

नारायणरावांचा खून एक. हे ऐंशी. आणि राघोबादादांच्या अस्थी आणा म्हणून मी कुठे पत्र लिहिलेलं नाही.

जुनेकागद

दोघेही थांबा जरा. हत्याकांड झालं यात शंका नाही. पण ते कोणी घडवलं यावर इतिहासकारांचा रोख थिबापेक्षा त्याच्या सासूवर, म्हणजे सिनब्यूमाशिन राणीवर, आणि तिच्याशी संगनमत केलेल्या मंत्र्यांवर आहे. थिबा तेव्हा वीस वर्षांचा होता, त्याआधी मठात शिकत होता आणि बौद्ध ग्रंथांची परीक्षा चांगल्या रीतीनं पास झालेला. वडील मिंडॉन राजाच्या ढीगभर मुलांमधून त्याला निवडलं तेच मुळी तो ऐकण्यातला वाटला म्हणून. त्यानं थांबवलं नाही हा दोष त्याच्याकडे राहतोच.

आणि धागाकर्त्यांचा विषय वर्तमानपत्रांचा आहे तर तिथलंच खरं मीठमिरचीचं प्रकरण सांगतो. थिबा दारुडा, जिनच्या बाटल्या रिचवणारा, रक्तपिपासू, हे चित्र रंगवलं रंगूनच्या आणि लंडनच्या इंग्रजी वर्तमानपत्रांनी. मठात वाढलेल्या पोरानं इतकी जिन कुठे आणि कधी प्यायली याचा धड पुरावा कोणाकडे नव्हता. रंगूनच्या इंग्रज व्यापाऱ्यांना वरचा ब्रह्मदेश हवा होता. सागवानासाठी हवा होता आणि पुढे चीनची वाट उघडेल म्हणूनही हवा होता. मग १८८५ मध्ये थिबाच्या दरबारानं बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनवर ओंडके कमी दाखवल्याचा ठपका ठेवून सुमारे २३ लाखांचा दंड केला. कंपनी मुंबईत स्थापन झालेली, बरं का. फ्रेंचांशी राजाची बोलणी चाललेली होतीच. लंडनमध्ये लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल भारतमंत्री, निवडणूक तोंडावर. दंडाची बातमी म्हणजे आयती काडी.

तेव्हा ‘वादग्रस्त राजा’ म्हणताना वाद कोणी छापला हेही बघा. पेन्शनर काकांचं वाक्य १८८५ च्या कुठल्याही रंगूनच्या अंकात खपून गेलं असतं.

पेठेतला_पेन्शनर

धन्यवाद. मानधन कुठे मिळतं?

रानपाखरं_रत्नांग्री

मी कर्वेनगरला राहते पण माहेर रत्नागिरी. तुम्ही सगळे राजाबद्दल बोलताय, आमच्याकडे राजाचं घराणं म्हणजे आजूबाजूची माणसं होती. थोरल्या राजकन्येला गोपाळ सावंत नावाच्या पॅलेसवरच्या नोकरापासून मुलगी झाली, टूटू. ती रत्नागिरीतच वाढली, लग्न तिथेच, पोरंबाळं तिथेच, गेलीही तिथेच, २००० साली. माझी आजी सांगायची, तिचं मराठी आमच्यापेक्षा ठसक्यातलं. राजाची पणतवंडं रत्नागिरीत आहेत आणि ती मराठी आडनावं लावतात. म्यानमारमध्ये आहेत ते धाकट्या राजकन्येकडचे.

तर प्रश्न असा, ‘वंशजांना परत द्या’ म्हणता ते कोणत्या वंशजांना? यंगूनच्या (म्हणजे जुन्या रंगूनच्या) की रत्नागिरीच्या? वर्तमानपत्रवाले यंगूनच्या पणतूची मुलाखत घेतात, फोटो काढतात. रत्नागिरीच्या पणतवंडांना ‘गरिबीत राहणारे राजाचे वारस’ म्हणून एक चौकट. त्यांना विचारलंय कोणी, पणजोबांना हलवू का म्हणून?

आणि कबरीची अवस्था मी लहानपणी पाहिली आहे. आजूबाजूला वस्ती वाढत गेली आणि समाधी त्यात बुडाली. पाहुणे येणार म्हटल्यावर रंगसफेदी व्हायची. तेव्हा ‘आमचा राजा, आम्ही देणार नाही’ म्हणणाऱ्या आमच्या गाववाल्यांनीही फार छाती फुगवू नये.

आडवाटेचा_प्रवासी

वाखुसा (वाचनखूण साठवली). एक शंका: कबरीत फक्त राजाच आहे का?

जुनेकागद

नाही, धाकटी राणीही आहे, ती १९१२ मध्ये गेली. आणि दफन लगेच झालं नाही, ही गोष्ट फारशी कोणी लिहीत नाही. राणी सुपयालात हटून बसली की नवऱ्याचा देह ब्रह्मदेशात न्यायचा, इथे पुरू देणार नाही. शवपेट्या पॅलेसच्या आवारात तशाच ठेवलेल्या. सरकार म्हणे परवानगी नाही, तिकडे समाधी झाली तर बंडखोरांचं तीर्थक्षेत्र होईल. हे १९१९ पर्यंत चाललं. शेवटी सरकारनं स्वतःच कबरीत ठेवून कबर बंद केली आणि मग राणीला रंगूनला जाऊ दिलं. ती १९२५ मध्ये वारली, तिची समाधी श्वेडगॉन पॅगोडाच्या दक्षिणेला. नवरा कोकणात, बायको यंगूनमध्ये.

झेंडा_उंच

चर्चा छान आहे पण मला एक कळत नाही. परक्या राजासाठी एवढा जीव, आणि आपल्या नेताजींच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या अस्थी टोकियोच्या रेंकोजी मंदिरात १९४५ पासून आहेत त्याचं काय? ज्या माणसानं १९२८ मध्ये पुण्यात येऊन महाराष्ट्र प्रांतिक परिषदेचं अध्यक्षपद भूषवलं, जो स्वतः मंडालेच्या तुरुंगात राहिला, त्याच्यासाठी धागा नाही. त्यांची मुलगी अनिता बोस फाफ कितीदा म्हणाल्या की डीएनए चाचणी करा आणि अस्थी भारतात आणा. आहे का उत्तर?

शनिवारवाडा_मागचा_बोळ

झालं. आता प्रतिसाद २०० च्या पुढे.

निळीशाई

@झेंडा_उंच, विषय सोडून नाही, उलट अगदी जोडून आहे. पण तिथली अडचण वेगळी. थिबा कबरीत आहे यावर कोणाचं दुमत नाही. रेंकोजीत नेताजी आहेत का, यावरच आपल्याकडे तीन चौकश्या झाल्या. १९५६ च्या शाहनवाज समितीनं आणि नंतर खोसला आयोगानं तैवानमधला विमान अपघाती मृत्यू मान्य केला. मुखर्जी आयोगानं २००५ मध्ये सांगितलं की त्या अस्थी त्यांच्या नाहीत, आणि २००६ मध्ये सरकारनं तो अहवाल फेटाळला. शाहनवाज समितीत तर नेताजींचे सख्खे भाऊ सुरेशचंद्र बोस यांनीच वेगळं मत नोंदवलं. नेहरू, राजेंद्रप्रसाद, इंदिरा गांधी, वाजपेयी, सगळे रेंकोजीला जाऊन आले, अस्थी मात्र कोणत्याही पक्षाच्या सरकारनं आणल्या नाहीत. कारण आणायच्या म्हणजे आधी १८ ऑगस्ट १९४५ चा तो अपघात मान्य करायचा, आणि तो मान्य केला की दर २३ जानेवारीला, जयंतीला, छापायचं काय?

माझा नियम तिथेही लावून बघा. आपल्याकडे यावर पाहिजे तसं लिहिता येतं, केंद्राच्या फायली २०१६ पासून उघड होऊ लागल्या, मुलगी हयात आहे आणि तीच मागते आहे. म्हणजे आणाव्यात. थिबाच्या बाबतीत यातलं एकही नाही.

झेंडा_उंच

अपघात मान्य नाही, त्यामुळे बाकीचं मान्य असूनही सहमत नाही.

काळाकोट

व्यवसायानं वकील, त्यामुळे थोडं कोरडं लिहीन. प्रत्येक प्रकरणात पहिला प्रश्न गेलेल्या माणसाची इच्छा काय होती. क्रांतिकारक श्यामजी कृष्ण वर्मांचं उदाहरण स्वच्छ आहे. १९३० मध्ये जिनिव्हात वारले, त्याआधीच त्यांनी तिथल्या स्मशानसंस्थेशी पैसे भरून करार करून ठेवला की माझ्या आणि पत्नीच्या अस्थी जपा, देश स्वतंत्र झाला की पाठवा. २००३ च्या ऑगस्टमध्ये त्या आल्या. आणण्यात राजकारण होतं का? होतं. पण माणसाचं स्वतःचं लेखी म्हणणं होतं, त्यामुळे तक्रारीला जागा नाही.

थिबाच्या बाबतीत राणीची मागणी नोंदलेली आहे. माझ्या मते तीच पुरेशी आहे. विधवेनं मागितलं, सरकारनं नाकारलं, ती चूक दुरुस्त करायला शंभर वर्षांनंतरही मुदत संपत नाही. आणि धागाकर्त्यांना एक विचारते: ‘सध्या परिस्थिती योग्य नाही, नंतर बघू’ हे १९१६ ते १९१९ मध्ये मुंबई सरकारचंही म्हणणं होतं. तुमचं कारण उदात्त आहे, त्यांचं नव्हतं, पण शवपेटी दोन्हीकडे रत्नागिरीतच.

रानपाखरं_रत्नांग्री

+१. एकदम वर्मावर.

निळीशाई

@काळाकोट, वार बसला. पण उत्तर देतो, आणि ते ब्रह्मदेशातलंच आहे.

ऊ थांट. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस, त्या देशानं जगाला दिलेला सगळ्यात मोठा माणूस. नोव्हेंबर १९७४ मध्ये न्यूयॉर्कला वारले. डिसेंबरात देह रंगूनला आणला. लष्करशहा ने विनचा त्यांच्यावर राग, म्हणून विमानतळावर सरकारी मानवंदना नाही, एका साध्या दफनभूमीत जागा दिली. ५ डिसेंबरला विद्यार्थ्यांनी शवपेटीच उचलून विद्यापीठात नेली. पुरलं कुठे, तर जिथे विद्यार्थी संघाची इमारत उभी होती तिथे, जी १९६२ च्या जुलैत लष्करानं सुरुंग लावून उडवली होती. ११ डिसेंबरच्या पहाटे फौज आत शिरली, देह उकरून काढला आणि श्वेडगॉनजवळ पुरून वर सिमेंट ओतलं. शहरात दंगली, लष्करी कायदा, किती पोरं मेली याचा सरकारी आकडा आणि लोकांचा आकडा कधीच जुळला नाही. ती समाधी आज राणी सुपयालातच्या शेजारी आहे.

म्हणजे मायदेशी देह परत जाणं या देशात काय रूप घेऊ शकतं, हे एकदा झालेलं आहे. म्हणून मी ‘कोण नेणार’ एवढंच विचारत नाही, ‘नेल्यावर नेणाऱ्याबद्दल बोलता येईल का’ हे विचारतो. २०१६ मध्ये कबरीसमोर हात जोडून उभे राहिलेल्या लष्करप्रमुखांनीच २०२१ मध्ये सत्ता घेतली. मार्च २०२५ च्या ७.७ च्या भूकंपात मंडालेच्या राजवाड्याच्या तटबंदीची पडझड झाली. त्या तटाच्या डागडुजीबरोबर राजाचीही मिरवणूक निघाली, तर पहिल्या पानावर फोटो कोणाचा असेल? थिबाचा तर नक्कीच नाही.

राणीचं मागणं खरं आहे. पण तिनं नवऱ्याला लोकांमध्ये न्यायला मागितलं होतं, छावणीत नाही.

आडवाटेचा_प्रवासी

ऊ थांटचं हे काहीच माहीत नव्हतं. यावर स्वतंत्र लेख येऊ द्या.

दोनआण्याची_मिसळ

फिलिपिन्सचं राहिलं. हुकूमशहा मार्कोस १९८९ मध्ये होनोलुलूत गेला, १९९३ मध्ये देह परत, मग वीसेक वर्षं गावाकडे काचेच्या पेटीत थंडगार ठेवलेला. घरच्यांचा हट्ट एकच, वीरांच्या दफनभूमीतच. २०१६ च्या नोव्हेंबरात अध्यक्ष दुतेर्तेनं गुपचूप तिथे पुरू दिलं, पोरं रस्त्यावर आली. २०२२ मध्ये मुलगा अध्यक्ष. त्यांची वर्तमानपत्रं तेव्हा उघडी होती, पाहिजे ते छापत होती. अग्रलेखांनी काही अडलं नाही. तेव्हा धागाकर्ते, तुमचा संपादक रात्री घरी झोपला तरी राजा यायचा तो येतोच.

निळीशाई

अडलं नाही, पण नोंद राहिली. कोण विरोधात होतं हे आज कोणीही काढून वाचू शकतं. १९७४ च्या रंगूनच्या सरकारी दैनिकांतून तुम्हाला ते कळणार नाही.

शनिवारवाडा_मागचा_बोळ

एक व्यवहारी तोडगा: अदलाबदल. यंगूनमध्ये बहादूरशहा जफर, इथे थिबा. एक द्या, एक घ्या. (जफरचा तो ‘दो गज जमीन’वाला शेर कोणी टाकू नका, प्लीज.)

जुनेकागद

ही सूचना वर्तमानपत्रांच्या पत्रव्यवहारात बरीच जुनी आहे. पण जफरची कबर आता यंगूनच्या मुसलमानांचा दर्गा आहे. १८६२ मध्ये इंग्रजांनी खूण राहू नये असं पुरलं होतं, १९९१ मध्ये नाल्यासाठी खणताना खरी जागा सापडली. लोक तिथे नवस बोलायला जातात. नेताजींनी १९४३ च्या सप्टेंबरात आझाद हिंद फौजेची मानवंदना तिथेच दिली होती, @झेंडा_उंच यांनी नोंद घ्यावी. तिथल्या गरीब मुसलमानांचा पीर उचलून दिल्लीला आणायचा म्हणजे त्यांना विचारायला नको? आधीच त्यांचे हाल काय आहेत ते आपण वाचतो.

आपल्याकडेही बघा. आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा आणि महादेवभाई कैदेत गेले, समाध्या तिथेच आहेत. ‘इंग्रजांच्या तुरुंगातून बाहेर काढून पोरबंदरला न्या’ असं म्हणताना मी कोणाला ऐकलेलं नाही. जागेलाच अर्थ चढला.

काळाकोट

कस्तुरबांचा मुद्दा पटत नाही. येरवडा ते पोरबंदर एकाच देशात. ज्याला पाहिजे तो बसनं जाऊन डोकं टेकवतो. मंडालेच्या शेतकऱ्याला रत्नागिरीचा व्हिसा लागतो. आणि मराठी माणसाला हा प्रश्न तितका टोचत नाही याचं एक कारण आपण दहन करतो. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये इंग्रजांनी काशीला धाडलं, तिथेच १८४७ मध्ये गेले. दुसरे बाजीराव ब्रह्मावर्ताला १८५१ मध्ये. दोघंही गंगेकाठी, मागायला मागे काही उरलंच नाही. उरलं असतं तर याच धाग्यावर आपण किती शांतपणे ‘योग्य वेळ’ बघत बसलो असतो?

पेठेतला_पेन्शनर

दुसऱ्या बाजीरावाला? मी पैसे देऊन तिथेच ठेवला असता.

रानपाखरं_रत्नांग्री

काका, तुम्ही आणि तुमची पेठ!

माझं शेवटचं लिहिते, मग भाजी टाकायची आहे. निळीशाई म्हणतात तिकडे लिहायला मोकळीक हवी. मान्य. पण मोकळीक इकडे तर आहे ना? मग रत्नागिरीच्या वारसांची एक सरळ, पानभर मुलाखत पुण्या-मुंबईच्या कोणत्या पेपरानं घेतली? तुम्ही एवढी वर्षं छापखान्यात होतात, तुमच्या ओळखी असतील. लावा की कोणाला तरी कामाला. ती छापून आली की ब्रह्मदेशातल्या संपादकांची वाट बघू.

निळीशाई

ओळखीचे दोघे अजून नोकरीत आहेत. त्यांच्याशी उद्या बोलतो. वारसांपर्यंत पोचायचं झालं तर तुमच्याकडच्या कोणाची मदत लागेल, पण नावं इथे लिहू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

संपादक मंडळ

नेताजी आणि रेंकोजी यासंबंधीचे पुढचे ४१ प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. तिथे व्यक्तिगत टिप्पणी टाळावी. दुसऱ्या बाजीरावांवरचे इथेच राहू दिले आहेत.